एकनिष्ठ बंडखोर

तलवारीच्या खणखणाटाने भरलेल्या ऐतिहासिक साहसपटांना इंग्रजीत 'स्वॉशबक्लर' असे म्हणतात. या शब्दाचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे. 'बक्लर' म्हणजे मुठीत धरावयाची लहानशी ढाल आणि 'स्वॉश' म्हणजे आघाताचा आवाज. सोळाव्या शतकातील इंग्लंडात जो मनुष्य आपल्याच ढालीवर आपलीच तलवार आपटीत रस्त्याने दांडगाई करीत हिंडे, ज्याच्यापाशी शौर्यापेक्षा आवाजच अधिक असे, त्याला लोक तुच्छतेने हे नाव देत. मुळात ही पदवी नव्हे, शिवी होती. पुढे साडेतीनशे-चारशे वर्षांनी तोच शब्द पडद्यावरील अशा नायकाला लागू झाला, की जो आपल्या राजाशी इमान राखतो, स्त्रीची अब्रू जपतो, शरण आलेल्या शत्रूवर वार करीत नाही आणि दिलेला शब्द प्राणाच्या मोलाने पाळतो. गुंडाचा वीर कसा झाला, आणि त्या वीराच्या अंगी निष्ठा, दाक्षिण्य व स्वाभिमान हे गुण कोणत्या वाटेने आले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या चित्रपटांचा भरभराटीचा काळ ढोबळमानाने १९२० ते १९५२ असा धरता येईल. १९२० मध्ये डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाने 'द मार्क ऑफ झोरो' हा मूकपट काढला. जॉन्स्टन मॅकली या लेखकाची ही कथा वर्षभरापूर्वीच एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. दिवसा आळशी आणि नाजूक भासणारा एक श्रीमंत तरुण रात्री मुखवटा चढवितो आणि जुलमी अधिकाऱ्यांच्या तावडीतून गोरगरिबांना सोडवितो, एवढेच तिचे सूत्र. पण फेअरबँक्सने त्यात आपल्या देहाची सारी चपळाई ओतली. हा नट दारातून आत येण्यापेक्षा खिडकीतून येणे पसंत करी आणि जिन्याने उतरण्यापेक्षा पडद्याला लोंबकळून खाली येई. त्यामागून 'द थ्री मस्केटियर्स' (१९२१), 'रॉबिन हूड' (१९२२), 'द थीफ ऑफ बगदाद' (१९२४) आणि रंगीत छायाचित्रणाच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक असलेला 'द ब्लॅक पायरेट' (१९२६) हे त्याचे चित्रपट आले. बोलपटांच्या युगात त्याची गादी टास्मानियात जन्मलेल्या एरॉल फ्लिनकडे आली. मायकेल कर्टिझ या मूळच्या हंगेरियन दिग्दर्शकाने 'कॅप्टन ब्लड' (१९३५) काढला आणि तोवर जवळजवळ अपरिचित असलेला हा तरुण एका चित्रपटाने जगप्रसिद्ध झाला.

या कथांचे देश आणि काळ निरनिराळे आहेत. कोणी बाराव्या शतकातील इंग्लंडात लढतो, कोणी सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये, कोणी कॅरिबियन समुद्रात. परंतु बहुतेक कथांचा सांगाडा एकच असतो. खरा राजा दूर आहे, बंदीत आहे किंवा अंधारात आहे. त्याच्या गैरहजेरीत कोणी भाऊ, कोणी मंत्री किंवा कोणी सुभेदार त्याच्या नावाने जुलूम करीत आहे. आणि नायक कायद्याने गुन्हेगार ठरला आहे. त्याच्या डोक्यावर इनाम लागले आहे. तरीही साऱ्या राज्यात राजाशी खरा एकनिष्ठ असा तोच आहे. अखेरीस राजा परततो, बंडखोराच्या खांद्यावर हात ठेवतो आणि गुन्हेगार कोण व राजनिष्ठ कोण याचा निवाडा होतो. निष्ठा आणि बंड या दोन गोष्टी व्यवहारात एकमेकींच्या वैरिणी; पण या चित्रपटांनी त्यांचे लग्न लावून दिले. हे जमले कसे, हे पाहावयाचे तर रॉबिन हूडच्या कथेचीच वंशावळ तपासली पाहिजे.

रॉबिन हूडचे जे जुने पोवाडे इंग्रजीत टिकून आहेत त्यांत तो सरदार नाही. स्वतःच्या हिमतीवर राहणारा साधा रयतेतला मनुष्य आहे. त्या पोवाड्यांतल्या सर्वांत विस्तृत कथेत येणारा राजा सिंहहृदयी रिचर्ड नसून कोणी एक एडवर्ड आहे. तो मठाधिपतीचा वेष घेऊन अरण्यात येतो, रॉबिन त्याला ओळखतो, गुडघे टेकतो आणि त्याच्याबरोबर दरबारी जातो. पण तेथे त्याचा जीव रमत नाही. काही काळाने निमित्त काढून तो रानात परततो आणि पुढे बावीस वर्षे तेथेच काढतो. राजाचा मान राखावा, पण त्याच्या वाड्यात राहू नये, असा या मूळच्या रॉबिनचा बाणा आहे. त्याला रिचर्डच्या काळात नेऊन बसविले ते १५२१ मध्ये जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकाराने. १५९८ मध्ये अँथनी मंडे या नाटककाराने त्याला हंटिंग्डनचा उमराव केले. १८१९ च्या अखेरीस वॉल्टर स्कॉटची 'आयव्हॅन्हो' ही कादंबरी आली आणि सॅक्सन रयत विरुद्ध नॉर्मन सरदार हे वैर या कथेला कायमचे चिकटले. असा तीनशे वर्षांचा प्रवास करून रानातला दरोडेखोर राजनिष्ठ सरदार झाला आणि त्याच रूपाने तो १९३८ च्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या रंगीत चित्रपटात अवतरला. या चित्रपटाच्या शेवटी तो वाड्यातून पळून जात नाही. राजाकडून पदवी घेतो आणि मॅरियनशी विवाह करतो.

आता ज्या राजासाठी हे सारे चालले आहे तो इतिहासात कसा होता? रिचर्डने ११८९ ते ११९९ अशी दहा वर्षे राज्य केले. त्यांपैकी इंग्लंडच्या भूमीवर त्याचा मुक्काम जेमतेम सहा महिने झाला असेल. धर्मयुद्धाहून परतताना, ११९२ च्या डिसेंबरात तो ऑस्ट्रियात पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क एवढी प्रचंड खंडणी ठरली आणि ती भरण्यासाठी रयतेच्या उत्पन्नाचा व चीजवस्तूंचा चौथा हिस्सा करादाखल मागण्यात आला. चित्रपटात ही खंडणी म्हणजे दुष्ट राजपुत्र जॉनने पैसा गिळण्यासाठी पुढे केलेला बहाणा आहे. इतिहासात शेतकऱ्याच्या दारातले जनावर ओढून नेणारा कर खुद्द खऱ्या राजासाठी होता. जॉनने बंड केले हे खरे. पण ११९४ मध्ये रिचर्ड परतला तेव्हा त्याने भावाला क्षमाही करून टाकली. ज्याच्या नावाने प्रजेने डोळ्यांत पाणी आणावे असा हा राजा नव्हता.

तथापि १९३८ च्या चित्रपटकारांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. त्यात एक प्रसंग आहे. रिचर्ड वेषांतर करून अरण्यात आला आहे आणि समोर कोण बसले आहे याची रॉबिनला कल्पना नाही. त्या अनोळखी पाहुण्यापुढे रॉबिन स्पष्ट बोलून दाखवितो, की या अनर्थाचा दोष राजाकडेही आहे. घरच्या रयतेचे रक्षण करण्याचे सोडून तो परमुलखात लढत बसला आणि त्याचे राज्य सांभाळण्याचे काम आमच्यासारख्या बंडखोरांवर येऊन पडले. माझ्या मते साऱ्या चित्रपटाचा प्राण या एका संवादात आहे. रॉबिनची निष्ठा आंधळी नाही. तो राजासाठी मरावयास तयार आहे, पण राजा चुकला असे म्हणावयासही तयार आहे. आणि राजाची थोरवी अशी, की हे ऐकून तो चिडत नाही.

आपल्या भाषेत इमानासाठी एक फार जुना वाक्प्रचार आहे : मिठाला जागणे. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी बेइमान होऊ नये, हा त्याचा अर्थ. ही निष्ठा थोर आहे, पण ती नायकाचीच मिरासदारी नाही. या चित्रपटांतील खलपुरुषाचे शिपाईही मिठाला जागतात. राजपुत्र जॉनचा हस्तक सर गाय आपल्या धन्यासाठी अखेरच्या जिन्यापर्यंत लढतो आणि तेथेच प्राण सोडतो. त्याच्या इमानात खोट काढावयास जागा नाही. मग प्रेक्षक त्याच्या मरणावर टाळ्या का वाजवितो? कारण त्याने धनी निवडताना विवेक वापरला नाही. मिठाची निष्ठा 'कोणाशी?' एवढेच विचारते. रॉबिनची निष्ठा 'कशासाठी?' असेही विचारते. राजा दूर असण्याचा खरा उपयोग येथे कळतो. समोर असलेला राजा हुकूम देतो आणि तो पाळावा लागतो. दूर असलेला राजा हुकूम देऊ शकत नाही. त्याला काय आवडले असते हे नायकाला स्वतःच्या मनाशी ठरवावे लागते. म्हणजे नायक निष्ठावंत राहतो तो न्यायाविषयीच्या स्वतःच्याच कल्पनेशी. राजाचे नाव तिला केवळ आधारापुरते असते.

'कॅप्टन ब्लड'मध्ये हा विचार आणखी एक पाऊल पुढे गेला आहे. राफाएल सबातिनी याच्या १९२२ च्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा १६८५ मधील मॉन्मथच्या बंडापाशी सुरू होते. पीटर ब्लड हा डॉक्टर. बंडात त्याचा काही भाग नाही. तो फक्त एका जखमी बंडखोराला मलमपट्टी करतो. जखम कोणत्या पक्षाची आहे हे वैद्याने विचारावयाचे नसते, ही त्याची निष्ठा. न्यायाधीश जेफ्रीज याच्या न्यायासनापुढे हाच राजद्रोह ठरतो आणि ब्लडची वेस्ट इंडीज बेटांवर गुलाम म्हणून विक्री होते. हा प्रसंग पोकळ कल्पनेतला नाही. त्या बंडानंतर सुमारे तीनशे लोक फासावर गेले आणि आठशेहून अधिक लोक वेस्ट इंडीजच्या मळ्यांवर पाठविले गेले. हेन्री पिटमन नावाच्या खऱ्याखुऱ्या शस्त्रवैद्याला जखमींवर उपचार केल्याबद्दल बार्बाडोसला धाडण्यात आले होते. तेथून तो निसटला आणि १६८९ मध्ये त्याने आपली हकीकत छापून प्रसिद्ध केली. पडद्यावरचा ब्लड पळून जाऊन चाच्यांचा नायक होतो. पुढे इंग्लंडात जुलमी राजा जाऊन नवा राजा आल्याची वार्ता कळताच तो पुन्हा आपल्या देशासाठी फ्रेंचांशी लढतो. राजा बदलला तशी निष्ठा परतली. याचाच अर्थ असा, की जुन्या राजाने ती आपल्या करणीने गमावली होती.

निष्ठेचा विचार झाला. आता शस्त्र हाती घेतलेल्या माणसाच्या अब्रूचा. ही अब्रू द्वंद्वयुद्धात पणाला लागे. फ्रान्समध्ये या प्रथेने इतका धुमाकूळ घातला होता, की १६२६ मध्ये तेराव्या लुईच्या शासनाने द्वंद्वबंदीचे कडक फर्मान काढले आणि पुढल्याच वर्षी माँमोरांसी-बुत्व्हिल या बड्या सरदाराचा, भर चौकात द्वंद्व खेळल्याबद्दल, शिरच्छेद केला. अलेक्झांडर द्युमाच्या १८४४ च्या 'थ्री मस्केटियर्स' या कादंबरीचा काळ नेमका हाच. राजाचा कायदा द्वंद्वाला बंदी करतो आणि राजाचे शिपाई त्यातच आपली इभ्रत मानतात. मंत्र्याच्या शिपायांना आपल्या माणसांनी लोळविले हे कळल्यावर खुद्द राजाही मनातून सुखावतो. या कथेचा नायक द'आर्तान्यां हा इतिहासात होऊन गेला, पण कादंबरीतल्या कालखंडानंतर. चौदाव्या लुईच्या आज्ञेने १६६१ मध्ये त्याने कोषमंत्री फुके याला अटक केली आणि १६७३ मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात तो कामी आला. खरा द'आर्तान्यां आज्ञाधारक अधिकारी होता. कादंबरीने त्याला स्वच्छंदी केले आणि चित्रपटाने त्याला गच्चीवरून उड्या मारावयास लाविले.

पडद्यावरचे द्वंद्व हे इतिहासातल्या द्वंद्वाहून अगदी वेगळे असते. खरी तलवार काही क्षणांत निकाल लावी. आणि बाराव्या शतकातील जड, छेद करणारी तलवार घेऊन कोणी रॉबिन हूडच्या चित्रपटातल्यासारखा नाजूक खेळ करीत नसे. फ्रेड कॅव्हेन्स या बेल्जियन उस्तादाने या चित्रपटांतील युद्धे बसविली ती नृत्य बसवावे तशी. त्याचा आवडता शिष्य म्हणावा असा बॅझिल रॅथबोन हा उत्तम पट्टीचा तलवारबाज होता. पण खलनायकाच्या भूमिका त्याच्या वाट्याला आल्यामुळे आपल्याहून कमी कसबी नायकांकडून त्याला पुन्हा पुन्हा मरावे लागले. मात्र या कृत्रिम खेळात एक अस्सल गोष्ट आहे, ती म्हणजे नियम. एकाशी एकाने लढावे, पाठीत वार करू नये, हार झाली तर ती हसून मान्य करावी. लाकडाच्या ओंडक्यावरील झुंजीत लिट्ल जॉन रॉबिनला पाण्यात पाडतो आणि रॉबिन भिजल्या अंगाने हसत त्यालाच आपला सोबती करतो. 'स्कारामूश' (१९५२) या चित्रपटात तर नाटकगृहाच्या कठड्यावरून, जिन्यांवरून आणि रंगमंचावरून सहा मिनिटांहून अधिक काळ चाललेल्या झुंजीनंतर नायकाच्या तलवारीचे टोक शत्रूच्या छातीवर येते. याच शत्रूने त्याच्या मित्राला मारलेले असते आणि सूड घेण्यासाठीच नायक तलवार शिकलेला असतो. तरी त्याचा हात पुढे जात नाही. तो शत्रू आपलाच सावत्र भाऊ आहे हे त्याला मागाहून कळते. हात थांबतो तो त्याच्या आधी. बळ असूनही न मारणे हे बळाचे शेवटचे लक्षण होय, असे हा प्रसंग न बोलता सांगतो.

स्त्रीदाक्षिण्याच्या बाबतीत हे चित्रपट वाटतात तितके बालिश नाहीत. संकटात सापडलेली सुंदरी आणि तिला सोडविणारा वीर हा साचा त्यांत आहेच. परंतु १९३८ ची मॅरियन आरंभी रॉबिनचा तिरस्कार करते, मग स्वतःच्या डोळ्यांनी गांजलेली माणसे पाहून तिचे मत बदलते, आणि फासावर निघालेल्या रॉबिनच्या सुटकेची युक्ती तीच सुचविते. जॉनच्या दरबारात तिला मृत्युदंड सुनावला जातो तो राजद्रोहाबद्दल. 'कॅप्टन ब्लड'मध्ये गुलामांच्या बाजारात ब्लडला विकत घेते ती नायिका अ‍ॅराबेला. आणि पुढे चाच्यांच्या तावडीतून मोत्यांची किंमत मोजून तिला विकत घेतो तो ब्लड. परस्परांना विकत घेतल्यावर दोघांनाही विकत घेण्यातला अपमान समजतो. या दोन्ही भूमिका ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने केल्या होत्या.

पण या साऱ्या गुणांची कठीणात कठीण कसोटी 'द प्रिझनर ऑफ झेंडा' या कथेत लागते. अँथनी होप याने ही कादंबरी १८९४ मध्ये लिहिली आणि रुरिटानिया नावाचे एक राज्य कल्पनेने निर्मिले. राज्याभिषेकाच्या आदल्या रात्री राजाला त्याचाच भाऊ मद्यातून गुंगी घालतो. राजाशी हुबेहूब साम्य असलेला एक इंग्रज प्रवासी तेथे असतो. एका दिवसापुरता तो राजा होतो आणि मग खरा राजा पळविला गेल्यामुळे त्याला राजाचेच सोंग पुढे चालवावे लागते. राजकन्या फ्लाव्हिया या खोट्या राजावर प्रेम करू लागते. खरा राजा व्यसनी आणि दुबळा. खोटा राजा त्याच्याहून सर्वार्थाने सरस. कैदेतल्या राजाला मरू दिले असते तर मुकुटही मिळाला असता आणि प्रियाही. कोणी बोट दाखविणारे नव्हते. तरी तो प्राण पणाला लावून त्या नालायक राजाला सोडवितो आणि एकटा परत जातो. फ्लाव्हियाही आपल्या राज्यासाठी मागे राहते. रोनाल्ड कोल्मनची भूमिका असलेला याचा गाजलेला बोलपट १९३७ मध्ये आला. त्याआधी वर्षसुद्धा झाले नव्हते, तोच डिसेंबर १९३६ मध्ये आठव्या एडवर्डने प्रेमासाठी इंग्लंडचे सिंहासन सोडले होते. प्रेक्षकांसमोर दोन्ही उत्तरे ताजी होती. या कथेची मोहिनी आपल्याकडेही पडली. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी ती 'झिंदेर बंदी' या नावाने बंगालीत आणली आणि १९६१ मध्ये तपन सिन्हा यांनी उत्तमकुमार व सौमित्र चॅटर्जी यांना घेऊन तिचा चित्रपट केला. झेंडाच्या नायकाने निष्ठा ठेवली ती राजाच्या लायकीकडे पाहून नव्हे. स्वतःच्या शब्दाकडे पाहून. कोणी पाहत नसताना जी टिकते तीच अब्रू, बाकीचा लौकिक.

येथवर गुणगान झाले. पण इतिहासाच्या अभ्यासकाने या चित्रपटांना एक अप्रिय प्रश्नही विचारला पाहिजे : त्यांनी कोणाला वगळले? 'द सी हॉक' (१९४०) हा युद्धकाळातला चित्रपट. त्यात एलिझाबेथ राणीचा एकनिष्ठ दर्यावर्दी स्पेनशी लढतो, आणि स्पॅनिश राजाच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा पाहून प्रेक्षकाला हिटलर आठवावा अशी योजना आहे. वल्ही मारणाऱ्या, साखळदंडांनी जखडलेल्या इंग्रज कैद्यांचे हाल पाहून अंगावर शहारे येतात. परंतु त्याच राणीच्या दर्यावर्द्यांपैकी जॉन हॉकिन्स याने १५६२ पासून आफ्रिकेतली माणसे जहाजात भरून अमेरिकेत विकली, हे चित्रपट सांगत नाही. कॅरिबियन समुद्रातील चाच्यांच्या करारात जायबंदी झालेल्या सोबत्याला भरपाई देण्याचे कलम असे. १६७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्सक्वेमेलिनच्या ग्रंथात उजव्या हाताबद्दल सहाशे नाणी किंवा सहा गुलाम असा दर नोंदलेला आहे. ब्लडच्या सोबत्यांची बंधुता पडद्यावर रोमांचक वाटते. इतिहासातल्या त्या बंधुतेत गुलाम हे चलनी नाणे होते. ज्यांना विकले जात होते त्यांच्याशी कोणी इमान राखावयाचे, हा प्रश्न या चित्रपटांच्या चौकटीबाहेर राहिला.

चौकटीबाहेर राहिलेल्या लोकांत त्या काळी आपणही होतो. तरी हे चित्रपट हिंदुस्थानात अलोट गर्दीने पाहिले गेले. १९२७–२८ च्या रंगाचारियर चित्रपट समितीच्या अहवालातही 'थीफ ऑफ बगदाद'च्या लोकप्रियतेची नोंद आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आरंभ केलेले मास्टर विठ्ठल मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत गेले आणि 'हिंदुस्थानचे डग्लस फेअरबँक्स' म्हणून ओळखले जाऊ लागले. फेअरबँक्सचे चाहते जे. बी. एच. वाडिया आणि त्यांचे बंधू होमी यांनी १९३५ मध्ये 'हंटरवाली' आणला. त्यात राजाला दुष्ट वजीर कैद करतो आणि मुखवटा घालून, हाती चाबूक घेऊन गोरगरिबांना सोडविते ती राजकन्या. झोरोचा मुखवटा आणि रिचर्डचा बंदिवास नाडियाच्या या भूमिकेत एकत्र आले होते. परक्या अमलाखालील प्रेक्षकाला हा सांगाडा शिकवावा लागला नाही. खरा धनी कैदेत आहे आणि त्याच्या घरात दुसराच कोणी हुकूम चालवीत आहे, हे तो रोज अनुभवीत होता. सरकारलाही ते कळत होते. प्रभात फिल्म कंपनीने शिवछत्रपतींवर काढलेल्या मूकपटाचे नाव 'स्वराज्याचे तोरण' असे होते. परीक्षण मंडळाने त्याला हरकत घेतली आणि १९३० मध्ये तो 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित करावा लागला. लढाई चालेल, तलवार चालेल, 'स्वराज्य' हा शब्द चालणार नाही, असा त्या हरकतीचा अर्थ होता.

आपल्या ऐतिहासिक चित्रपटांनी पाश्चात्त्यांची चपळाई उचलली, परंतु निष्ठेची त्यांची कल्पना आपल्याच मातीतली राहिली. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून पेंटरांनी १९२३ मध्ये आणि प्रभातने १९३३ मध्ये 'सिंहगड' काढला. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी पडला आणि त्याच्याशी झुंजणारा उदेभान राठोडही पडला. दोघेही आपापल्या धन्याशी इमानी होते. या कथेतले मोठेपण तेथेच आहे, की शत्रूलाही ती क्षुद्र करीत नाही. फ्लिनचा नायक जिंकतो, जगतो आणि विवाह करतो. तानाजी मुलाचे लग्न मागे ठेवून जातो आणि परत येत नाही. रॉबिनचा राजा शेवटी येऊन बक्षीस देतो. तानाजीच्या राजाजवळ देण्यासारखे उरते ते केवळ दुःख. पाश्चात्त्य साहसपट निष्ठेचे फळ दाखवितो, आपला पोवाडा निष्ठेची किंमत सांगतो. पोवाड्याच्या पहिल्या श्रोत्यांत गेलेल्यांचे सगेसोयरेही असत, आणि त्यांच्यापुढे किंमत लपविणे शक्य नव्हते.

या दोन परंपरा एकमेकींजवळ ठेवून पाहिल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. निष्ठा हा गुण एकट्याने उभा राहत नाही. विवेक नसेल तर तिचा सर गाय होतो. शस्त्राला नियम नसेल तर वीराचा पुन्हा तोच ढाल खडखडविणारा दांडगा होतो. आणि ज्यांच्याकडे कॅमेरा वळत नाही अशा माणसांचा विसर पडला, तर दाक्षिण्य हे केवळ आपल्या वर्गातल्या माणसांशी पाळावयाचे सौजन्य उरते. झोरो, रॉबिन, ब्लड यांच्या कथा इतिहास म्हणून फारशा विश्वसनीय नाहीत. पण दूर असलेल्या राजाच्या नावाने माणसाने न्यायाचा शोध स्वतःच घ्यावा, प्रसंगी त्या राजालाही चार शब्द सुनवावेत आणि मग त्याच्यासाठी लढावे, हा त्यांचा धडा खरा आहे. राजे गेले, सिंहासने संग्रहालयात गेली. परंतु कोणाचा हुकूम मानावा आणि कोणाचा मानू नये, हा निर्णय आता प्रत्येक नागरिकाला करावा लागतो, आणि त्यासाठी कोणा रिचर्डच्या येण्याची वाट पाहण्याची सोय त्याला राहिलेली नाही.